पातेल्याजवळचं माणूस

अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून मी नोकरीला लागले, तेव्हा तपासणीच्या वहीत एक रकाना असे - ‘आहार घेतलेली मुले’. मी हजेरी मोजायची आणि तोच आकडा तिथं लिहायची. ताटलीत वाढलं म्हणजे मुलानं खाल्लं, हा माझा हिशेब. तो एका चार वर्षांच्या मुलानं चुकीचा ठरवला.

जव्हारकडचा एक पाडा. त्या दिवशी वाटाण्याची खिचडी होती. बाकीची मुलं जेवत होती आणि हा पठ्ठ्या एकेक वाटाणा वेचून ताटलीच्या कडेला लावत होता. भाताला हात नाही. मी म्हटलं, “खा रे बाळा, चांगलं असतं.” त्यानं तोंड फिरवलं. मदतनीसबाई हसल्या. म्हणाल्या, “मॅडम, त्याला मिसळलेलं चालत नाही. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटाणे आधी वेगळे शिजवून घेतले. खिचडीत घालण्यापूर्वी मूठभर बाजूला काढले, भातही तिखट पडण्याआधी काढला. ताटलीत दोन ढीग. मुलानं आधी भात संपवला, मग वाटाणे. धान्य तेच, खर्च तोच. फरक एवढाच, की रांधणारी बाई त्या मुलाला ओळखत होती.

श्रोतेहो, ही सोय सहजासहजी मिळालेली नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. जेवणाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण यायला फार वेळ लागला.

1972 च्या दुष्काळात सुकडी वाटली गेली. तिनं पोटाला आधार दिला, हे विसरता येणार नाही. पण ती होती संकटातली सोय. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. प्रत्येक बालकाला 300 उष्मांक आणि 8 ते 10 ग्रॅम प्रथिनं, असं ठरलं. कागदावर ते चोख होतं. मात्र उष्मांक मोजले जात होते ते दिलेल्या आहाराचे, पोटात गेलेल्या घासाचे नव्हेत.

शाळांतही तेच. 1995 पासून आपल्याकडे मुलांना महिन्याला 3 किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानं प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देणं राज्यांना बंधनकारक झालं. ऑक्टोबर 2004 मध्ये न्यायालयानं आणखी सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत. गावातले बचत गट, महिला मंडळं यांना प्राधान्य द्या.

तरीही पाकिटाचा मोह सुटला नाही. 2007 च्या अखेरीस बिस्कीट उत्पादकांच्या संघटनेनं शालेय जेवणाऐवजी बिस्किटं द्यावीत म्हणून खासदारांना पत्रं लिहिली. त्यावर बरीच टीका झाली आणि मागणी मान्य झाली नाही. पुढं 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण हा हक्कच ठरवला. 500 उष्मांक, 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं.

ताज्या जेवणातही अडचणी असतात. माझ्या नोकरीत ओलं सरपण पाहिलं, उशिरा आलेलं धान्य पाहिलं, बिलं थकल्यामुळे दुकानदाराकडे उधारी करणाऱ्या बचत गटाच्या बायका पाहिल्या. त्याच काळात पाकिटातलं गोड पीठ कोंबड्यांपुढं पडलेलंही पाहिलं. बंद पाकीट स्वच्छ असेल, पौष्टिकही असेल. पण मूल नको म्हणालं, तर ते बदलता येत नाही. पातेल्यात तिखट कमी करता येतं, डाळ घोटता येते, मूठभर वाटाणे बाजूला काढता येतात. त्यासाठी पातेल्याजवळ कुणीतरी माणूस लागतं, आणि त्या माणसाला वेळेवर मोबदलाही लागतो.

त्या पाड्यावरून परतल्यावर मी एक सवय लावून घेतली. रकान्यात आकडा भरण्याआधी ताटल्या धुतात तिथं जाऊन उभी राहायची. कोणत्या ताटलीत काय उरलंय, ते बघायचं आणि मगच वही उघडायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)