मूळ स्वरूप

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांची एक वेगळी जात कागदावर आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ती ‘व्हिंटेज’. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी मिळते आणि नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ लागतं. रोजच्या कामाला ती वापरायची नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला रस्त्यावर काढता येते. नियम चांगला आहे. अडचण त्यातल्या दोन शब्दांची आहे: मूळ स्वरूप.

माझ्याकडे १९६६ सालची फियाट ११०० आहे. आमच्या घराण्याचं रायपूरशी नातं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचं सांगतात. माझं नवा रायपूरशी नातं मात्र २०१२मध्ये मंत्रालय महानदी भवनात आलं तेव्हापासूनचं. इथले रस्ते इतके रुंद आणि बराच वेळ इतके मोकळे, की जुनी गाडी बाळगणाऱ्याला मोह न होता तरच नवल. पण ही फियाट रस्त्याची उरलेलीच नव्हती. तिला बंपर नव्हते, मागची सीट नव्हती. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर जाऊन जमिनीत भोक पाडून खाली गिअर बसवलेला. दारांच्या आतल्या पत्र्याला वजन कमी करण्यासाठी ओळीने भोकं. मागच्या पाट्यांतला एक पाटा काढून गाडी बसवलेली, पुढच्या स्प्रिंगा कापलेल्या. जमिनीवर चार ठिकाणी जाड पत्र्याचे चौकोन वेल्ड केलेले. पिंजरा तिथे उभा होता. विकणाऱ्याने ‘शोलावरमची गाडी’ म्हणून ती दिली. कागद एकही दिला नाही. तेव्हा गाडी हाच कागद मानून वाचायला लागलो.

इंजिनापासून सुरुवात करावी लागते, कारण ते गाडीपेक्षा खूप म्हातारं आहे. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर, १०८९ सीसी. ही मापं १९३७च्या फियाट ५०८ सी या गाडीची. दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली ती तयार झाली. साधं, टिकाऊ, सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या गाडीचं हे इंजिन. पण इटलीत त्याला लगेच दुसरं आयुष्य मिळालं. एन्झो फेरारीने आल्फा रोमिओ सोडल्यावर १९४०च्या मिले मिलियासाठी जी पहिली गाडी बांधली, तिचं आठ सिलिंडरचं इंजिन याच फियाटच्या भागांवर उभं होतं. करारामुळे त्या गाडीवर स्वतःचं नाव लावायची त्याला सोय नव्हती. युद्धानंतर चिझितालियाने २०२ ही देखणी कूपे काढली, तीही याच १०८९ सीसीवर. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात ती शिल्पासारखी ठेवली आहे. १९५३मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने ११००चं नवं रूप आणलं आणि त्याच वर्षी तिची तेज आवृत्ती ‘टीव्ही’, म्हणजे तुरिस्मो वेलोचे, काढली. म्हणजे हे इंजिन शर्यतीत उतरवणं हा मद्रासच्या हौशी लोकांचा चावटपणा नव्हता. ते त्याचं खानदानच होतं.

वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कारखाना कुर्ल्याला. आधी क्राइस्लरच्या मोठ्या गाड्या जोडल्या, मग फियाटकडे वळले. ११०० कुर्ल्यातून १९५४पासून निघू लागली. वालचंद आदल्याच वर्षी गेले होते. त्याच सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या, स्वतः काही न बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. फोर्ड गेली, जनरल मोटर्स गेली. उरल्या त्या प्रामुख्याने अँबॅसेडर, फियाट आणि पुढे १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड.

मुंबईकरांनी पहिल्या फियाटचं बारसं लगेच केलं: डुक्कर फियाट. नाकाडावरून पडलेलं नाव आहे ते, आणि त्यात माया आहे. तिची पुढची दारं उलटी उघडत. साठीच्या मध्यावर नवी चौकोनी बॉडी आली, ती ‘डिलाइट’, आणि तिलाच १९७४मध्ये ‘पद्मिनी’ म्हणू लागले. माझी गाडी डिलाइट. इथे एक गंमत आहे. इटलीत या बॉडीखाली १२२१ सीसीचं नवं इंजिन होतं. कुर्ल्याने बॉडी घेतली आणि खाली जुनं १०८९च ठेवलं, ते जवळजवळ शतक संपेपर्यंत. तूरिनच्या मापाने पाहिलं तर कारखान्यातून निघाली तेव्हाच ही गाडी ‘मूळ’ नव्हती.

स्पोर्ट्‌स कार हा शब्द आपल्याकडे त्या काळात फक्त राजेरजवाड्यांच्या आणि आयात करू शकणाऱ्या मोजक्यांच्या गाड्यांना लागू होता. बाकीच्यांना वेगाची हौस असेल तर फियाट घ्यायची, तीही काही वर्षं नंबर लावून, आणि तिची स्पोर्ट्‌स कार करायची. ट्रॅकही नव्हते, विमानांच्या धावपट्ट्या होत्या. मुंबईत जुहू, कलकत्त्याजवळ बराकपूर आणि मद्रासच्या उत्तरेला शोलावरम, दुसऱ्या महायुद्धातली पट्टी. १९५३मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने तिथल्या शर्यती नावारूपाला आणल्या. मुंबई, कलकत्ता, बंगळूर, कोइमतूरहून गाड्या येत. परदेशी रेसिंग गाड्या मूठभर. भारतीय गाड्यांच्या गटांत फियाट आणि हेरल्ड.

या गाड्यांवरचं काम ज्यांनी केलं, त्यांची नावं विजेत्यांच्या यादीत नाहीत. त्यांचं काम मात्र माझ्या गाडीत आहे. हेड मिलिंगवर घेऊन खालून तासलेलं. एका सिलिंडरचा आकार २७२ सीसी. त्यावरची जागा जितकी कमी, तितकं पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि ताकद वाढते. पण हेड तासलं की ते खाली येतं आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या लांब पडतात. नवीन आखूड दांड्या कुठून आणणार? मग रॉकरच्या बैठकीखाली पितळी चकत्या घालून ती तेवढीच उचललेली. माझ्या मिस्त्रीने मापक लावून बघितलं, चारही चकत्या सारख्या जाडीच्या. कुणीतरी साध्या लेथवर त्या काढल्या आणि मग हाताने घासून बसवल्या. फ्लायव्हीलची कडही उतरवलेली, गाडी लवकर आवाज पकडावी म्हणून. आयात बंद, सुटे भाग तुटवड्यात, आणि तरी हे काम. आपल्या औद्योगिक इतिहासात कुर्ल्याच्या कारखान्याला जागा मिळते. या चकत्या करणाऱ्याला मिळत नाही.

१९९०मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा खरा ट्रॅक सुरू झाला आणि शोलावरमचं युग संपलं. तोवर मारुतीही आली होती. शर्यतीच्या फियाट गॅरेजांच्या मागे गंजत पडल्या किंवा पुन्हा बंपर लावून विकल्या गेल्या.

आता प्रश्न असा, की अशी गाडी परत रस्त्याची करायची म्हणजे नेमकी कोणत्या दिवसाची करायची?

जगात याचा विचार झाला आहे. जॅग्वारने १९५६च्या हंगामानंतर आपला शर्यतीचा संघ बंद केला. उरलेल्या पंचवीस डी-टाइप रेसिंग गाड्यांना काच, दार आणि छोटं छत बसवून रस्त्यावर विकायचं ठरलं, तीच एक्सकेएसएस. फेब्रुवारी १९५७मध्ये कारखान्याला आग लागली, नऊ गाड्या जळाल्या, सोळाच बनल्या. २०१६मध्ये कंपनीने जाहीर केलं, की जळालेल्या नऊ गाड्या नव्याने बांधणार. त्या मूळ आहेत का? विकत घेणाऱ्यांना तसं वाटत असावं. वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिचं म्हणणं, तर्काने भर घालायची वेळ आली की हात थांबवा. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिवाने, २०१२मध्ये तूरिनची सनद मान्य केली, ती त्याच वळणावर. गाडी कारखान्यातून निघाली त्या अवस्थेत परत नेणं म्हणजेच पुनरुद्धार असं ती मानत नाही; तिच्या वापरातल्या काळात झालेले बदलही तिच्या इतिहासाचा भाग धरते. मला ही भूमिका पटते. सिरपूरच्या लक्ष्मण मंदिराच्या सातव्या शतकातल्या विटांकडे बघताना कुणी म्हणत नाही, की कळस परत बांधा म्हणजे मूळ होईल.

आपल्या नियमाला मात्र अशी सवड नाही. शिवाय ‘चासी’ आणि ‘बॉडी’ असे दोन शब्द त्यात आहेत. हेरल्डला वेगळी चासी होती. फियाटला बॉडी हीच चासी. पिंजऱ्यासाठी जमिनीला वेल्ड केलेले चार चौकोन म्हणजे दोन्हींत फेरफार. ते कापून काढले तर जुना पत्रा त्यांच्यासोबत फाटतो आणि नवा घालावा लागतो. मग तो फेरफार नाही का?

मी एक ओळ आखून घेतली आहे. जे उलटवता येतं, ते उलटवायचं. बंपर, मागची सीट, पाटे, पुढच्या स्प्रिंगा लागल्या. दांड्यावरचा गिअर नागपूरहून मिळाला. हेडचं तसं नव्हतं. तासलेली धातू परत लावता येत नाही. नवीन हेड कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्याकडून आलं, मुंबईच्या एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा अशी बरीच हेडं त्या रस्त्यावर आली असणार. माझ्या हेडच्या व्हॉल्व्ह सीट सीएनजीवर चालून झिजलेल्या होत्या, त्या बदलल्या. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला हे टॅक्सीचं हेड मूळ वाटेल, कारण ते कारखान्याच्या मापाचं आहे. गाडीसोबत शर्यतीच्या दिवसांपासून असलेलं हेड त्याच्या लेखी फेरफार. ते मी तेलकट फडक्यात गुंडाळून, पितळी चकत्यांसकट, लाकडी पेटीत ठेवलं आहे.

चार चौकोन काढायचे नाहीत, हे ठरलं. त्यांच्यावर रबरी मॅट येईल. त्यामुळे ‘व्हीए’ नंबर नाकारला गेला तर नाकारला जाईल. दारांची भोकंही राहतील. पॅनेलखाली ती दिसत नाहीत. वाद उरला आहे तो जमिनीतल्या गिअरच्या भोकाचा. मिस्त्रीचं म्हणणं, पावसाचं पाणी आणि धूळ आत येणार, पत्रा वेल्ड करून बुजवा आणि मोकळे व्हा. माझं म्हणणं, वेल्डऐवजी चार स्क्रूंनी झाकण बसवू, खाली रबर घालू. त्याने झाकण कापून आणलं आहे, पण गॅस वेल्डिंगची नळीही शेजारी आणून ठेवली आहे.