गोंडी ‘अ’ आणि बॅकस्लॅशची चार घरे

१/ कोरपना तालुक्यातील गडचांदूर पूर्वी राजुरा तालुक्यात होते आणि तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. सीमा सरकली, गोंडी भाषा मात्र तिच्या दोन्ही अंगांना नांदत राहिली. संगणकात या भाषेची अक्षरे का तुटतात, याचा इतिहास एका तिरक्या रेघेपासून सुरू होतो.

२/ ती रेघ म्हणजे बॅकस्लॅश. अमेरिकी संगणकतज्ज्ञ बॉब बीमर यांनी १९६१ मध्ये ती सुचवली. १९६३ च्या आस्की संकेतसंचात तिला जागा मिळाली. पुढे तिच्याकडे नवे काम आले : नंतरच्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ बदलणे. अवतरणांत बांधलेल्या मजकुरात आणखी एक अवतरणचिन्ह हवे असेल, तर त्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. अन्यथा मजकूर तिथेच संपला, असे यंत्र समजते. यालाच ‘एस्केप’ करणे म्हणतात.

३/ १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये ६५,५३६ क्रमांकांचीच सोय होती. त्याच हिशेबाने जावा भाषेने नियम केला : बॅकस्लॅश, मग यू हे अक्षर, मग नेमके चार षोडशमान अंक. जावास्क्रिप्टनेही तो उचलला. देवनागरी ‘अ’चा क्रमांक ०९०५. चार घरांत चपखल.

४/ १९९६ मध्ये युनिकोडचा विस्तार अकरा लाखांहून अधिक क्रमांकांपर्यंत झाला. चार घरांचा नियम तसाच राहिला.

५/ मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. २०१८ मध्ये गुंजाला गोंडी आली. तिची हस्तलिखिते आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावची. दोन्ही लिपींचे क्रमांक पाच अंकी. मसराम लिपीतील ‘अ’ : ११डी००.

६/ हा क्रमांक जुन्या रीतीने लिहिला, की यंत्र पहिले चार अंक घेते. ११डी० हा क्रमांक कोरियन हंगुल लिपीतील एका जुन्या व्यंजनाचा. उरलेले शून्य त्याच्यामागे सुटे उभे राहते. गोंडी ‘अ’च्या जागी कोरियन व्यंजन आणि शून्य! प्रोग्रॅम मात्र चूक दाखवत नाही. शोधा-बदलाच्या कामात ‘कोणतेही एक चिन्ह’ असा आकृतिबंध दिला, तर जावास्क्रिप्ट अशा अक्षराचा अर्धाच भाग बदलते.

७/ उपाय दोन. एकाच अक्षरासाठी डी८०७ आणि डीडी०० अशी जोडी लिहावी, प्रत्येकाआधी बॅकस्लॅश-यू देऊन. किंवा २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये असलेला महिरपी कंस वापरून पूर्ण क्रमांक द्यावा. आकृतिबंधालाही यू ही खूण जोडावी.

८/ मसराम लिपीला युनिकोडमधील क्रमांक मिळण्यास ९९ वर्षे लागली. तो क्रमांक शाबूत ठेवण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन कंस टाकले, तरी पुरे.