कवळीची गोष्ट

देवरीहून मी तुमची बचत गट समन्वयक बोलते आहे.

मागच्या वर्षी रोवणीच्या आधी एका गटाची मासिक सभा होती. एका आजीने अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "कवळी बसवाची आहे जी." सगळ्या हसल्या. कोणीतरी म्हणालं, "आता या वयात दात कायले? बकरी घ्या ना आजी." ठरावबुकात मी लिहिलं, "कारण आवश्यक नाही. अर्ज नामंजूर." ते अक्षर माझं आहे. घरी गेल्यावर ती ओळ टोचत राहिली. दात गेल्यावर ते परत बसवायची गरज खरंच चैनीची आहे का, हे शोधायला मी पुस्तकं उघडली. जे सापडलं ते आज सांगते.

आजच्या पाकिस्तानात, बलुचिस्तानात, मेहरगड नावाचं फार जुनं शेतकरी गाव उकरून काढलं आहे. तिथल्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना बारीक, गोल भोकं पाडलेली आढळली. ही गोष्ट साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. मण्यांना भोक पाडायचं गारगोटीचं हत्यार त्यांनी दाढेवर चालवलं असावं. भोकांच्या कडा नंतर चावून चावून गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ती माणसं पुढेही जेवत-खात जगली. त्या नऊ जणांत चार बायका होत्या.

गेलेल्या दाताच्या जागी नवा बसवायचा प्रयत्नही जुनाच. जपानमध्ये एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी जपून ठेवली आहे. ती भिक्षुणी 1538 मध्ये वारली. जगात सापडलेल्या अगदी जुन्या पूर्ण कवळ्यांमध्ये ती मोडते, आणि ती एका बाईची आहे.

युरोप-अमेरिकेत मात्र कवळी हा श्रीमंतांचा मामला होता. हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात कोरून ती बनवत, किंवा दुसऱ्या माणसाचे दात त्यात बसवत. जॉर्ज वॉशिंग्टन 1789 मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. 1784 च्या त्यांच्या हिशेबवहीत काळ्या माणसांना नऊ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे. ती माणसं गुलाम होती, असं इतिहासकार मानतात. पुढे 1815 मध्ये वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले. हिशेबवह्या आपणही लिहितो, मैत्रिणींनो. एका ओळीमागे कोणाचं तोंड रिकामं झालं, ते वहीत दिसत नाही.

हे बदललं ते रबरामुळे. 1844 मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर टणक आणि टिकाऊ करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. मग हिरडीचं माप घेऊन त्या मापाची रबराची कवळी ओतता येऊ लागली, आणि किंमत उतरली. 1930 नंतरच्या दशकात ॲक्रिलिक नावाचं प्लास्टिक आलं. आजची गुलाबी कवळी त्याचीच असते.

आता आपल्याकडे या. 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले. त्यांचं बोळकं हसू आपण फोटोत पाहतो. पण जेवताना ते कवळी लावत आणि जेवण झालं की काढून ठेवत. इतक्या साध्या राहणीच्या माणसालाही कवळी चैनीची वाटली नाही.

शिकलेले दंतवैद्य आपल्या देशात उशिरा तयार झाले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कोलकात्यात दंत महाविद्यालय सुरू केलं. कोलकात्यातच शिकलेल्या फातिमा जिना या बाईंनी 1923 मध्ये मुंबईत दातांचा दवाखाना उघडला. 1948 मध्ये दंतवैद्यांसाठी कायदा झाला. आणि 1968 मध्ये नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं. हत्तीच्या दातापासून सुरू झालेली ही वाट अशी आपल्या विदर्भापर्यंत आली.

तिथे गेल्यावर काय होतं, तेही ऐका, म्हणजे भीती जाईल. आधी हिरड्या तपासतात, दात साफ करतात. मूळ शाबूत असेल तर रूट कॅनल करून वर कॅप बसवतात. अगदीच गेलेला दात सुन्न करून काढतात. जखम भरायला वेळ देतात. मग माप, मेणावर लावलेल्या दातांची चाचणी, आणि शेवटी कवळी. मधले एक-दोन दात गेले असतील तर शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज बसतो. हाडात स्क्रू बसवून दात लावायची आजची पद्धत 1965 मध्ये स्वीडनमध्ये माणसावर पहिल्यांदा केली. ती अजून महाग आहे. एका फेरीत काम होत नाही, म्हणून गाडीभाडं आणि बुडणारी मजुरीही हिशेबात धरा. आणि खर्रा, गुडाखू सुटला नाही, तर उरलेले दातही त्याच वाटेने जातील.

हे सगळं मी पुढच्या सभेत वाचून दाखवलं. आधीचा ठराव खोडला नाही, त्याच्या खाली नवा लिहिला: "दातांचा उपचार हा आजारपणाच्या कर्जात धरावा." त्यावर सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. आजीने हप्ते वेळेवर भरले. कवळी सुरुवातीला टोचली, ती घासून घ्यायला दोनदा जावं लागलं. ती गटात आली, की भात कुस्करत बसणारी आजी आता फुटाणे मागते. हसताना मात्र पदर अजून तोंडाशी जातो. ती सवय जायला कदाचित वेळ लागेल.

तुमच्या ठरावबुकात अशी एखादी ओळ असेल, तर ती काढून परत वाचा.