रुसलेली मोटारसायकल आणि पेट्रोलचा इतिहास

वडिलांची १९७४ सालची मोटारसायकल आमच्या मिरजेच्या घरी अजून आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा ती अख्खा पावसाळा एका जागी उभी होती. कॉक उघडला, चोक ओढला आणि किक मारू लागलो. वीस-पंचवीस किका झाल्या, घाम निघाला, गाडी ढिम्म! शेजाऱ्यांनी आपापली निदाने सांगितली. एकाच्या मते बॅटरी गेली होती, दुसऱ्याच्या मते कार्बोरेटर. तिसऱ्याने ‘हल्लीचे पेट्रोलच खराब’ असा निकाल देऊन टाकला. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले वयस्कर मिस्त्री आले. ते म्हणाले, “साहेब, लाथा मारून काय कळणार? आधी प्लग काढून बघू, ओला आहे का कोरडा.”

हा साधा प्रश्न किती नेमका आहे पाहा. इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि योग्य क्षणी ठिणगी. प्लग ओला असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे. मग दोष ठिणगीत शोधायचा, नाहीतर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येते आहे का ते पाहायचे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वाटेतच कुठेतरी अडले आहे. एका निरीक्षणाने निम्म्या शक्यता बाद होतात. आमचा प्लग कोरडा निघाला. तेव्हा पेट्रोलच्या वाटेचा माग काढणे आले. या वाटेवरचा प्रत्येक भाग कोणाला तरी कधीतरी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून आपण हा माग इतिहासातूनच काढू.

टोपीची पिन

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जर्मन तंत्रज्ञांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवले. बहुतेक इतिहासकार हीच पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल मानतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, बर्था बेन्झ ही धाडसी स्त्री नवरा कार्ल बेन्झ याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्टसहाइम या आपल्या माहेरगावी निघाली. सोबत दोन मुलगे होते. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे जास्त. पेट्रोल पंप अर्थातच नव्हते. वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रॉइन हे हलके खनिज तेल विकत घेतले. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी ते तेव्हा दुकानात मिळत असे. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बर्थाने टोपीची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली!

बेन्झ कुटुंबाच्या आठवणींतून ही हकिकत आपल्यापर्यंत आली आहे. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास आणि इंधनात कचरा अडकण्याचा हा प्रसिद्ध प्रसंग एकाच दिवशीचे आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आजही मिस्त्री हेच आधी पाहतात. टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले आहे का? ते बुजले तर टाकीत निर्वात निर्माण होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर गाडी चालू लागली तर दोष सापडला. नाहीतर कॉक, त्यातली जाळी, नळी असे एकेक पुढे जायचे.

वाफ की फवारा?

द्रव पेट्रोल तसेच पेटवून इंजिन चालत नाही. ते हवेत मिसळावे लागते. सुरुवातीच्या यंत्रांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा पेट्रोलमधून नेत आणि तिच्याबरोबर येणारी वाफ इंजिनात सोडत. यात एक अडचण होती. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले काही घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतात, तर काहींना २०० अंशांपर्यंत तापवावे लागते. हलके घटक आधी उडून जात आणि भांड्यात जड, सहजी न पेटणारा गाळ उरे. सकाळी सुरू झालेले इंजिन त्यामुळे संध्याकाळी त्रास देई.

१८९३ साली या अडचणीवर दोन ठिकाणी उत्तर सापडले. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत मायबाखने फवारा उडवणारा कार्बोरेटर तयार केला. अत्तराच्या फवाऱ्यासारखीच ही रचना होती. इंजिन हवा ओढते तेव्हा ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते. गळ्यात तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो. डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली द्रवांच्या प्रवाहाबद्दल जे मांडले आणि व्हेंचुरीने १७९७ साली अरुंद नळ्यांवरच्या प्रयोगांत जे दाखवले, तेच हे तत्त्व. बाजूच्या छोट्या भांड्यात मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. दाबांतल्या या फरकामुळे पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून गळ्यात ढकलले जाते आणि त्याचे तुषार होतात. भांड्यातली पातळी कायम ठेवण्याचे काम फ्लोट करतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा जे काम करतो तेच हे.

आता पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीकडे पुन्हा पाहू. फ्लोटच्या भांड्यात जेमतेम काही चमचे पेट्रोल मावते. महिनोन्‌महिने ते तसेच राहिले की हलके घटक उडून जातात. म्हणजे १८९३ पूर्वीच्या वाफेच्या भांड्यात जे घडत होते, नेमके तेच तुमच्या कार्बोरेटरमध्ये घडते. उरलेल्या घटकांशी हवेतल्या ऑक्सिजनची हळूहळू प्रक्रिया होऊन तपकिरी, चिकट पदार्थ बनतो. गाडी सुरू होताना कामी येणाऱ्या पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ते बुजायला कितीसा वेळ लागणार?

चोकचाही उलगडा येथेच होतो. थंड इंजिनात तुषारांचा थोडाच भाग वाफ बनतो आणि पेटते ती वाफ. म्हणून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण मुद्दाम वाढवायचे. जुन्या काही मोटारसायकलींवर फ्लोट दाबून पेट्रोल वर आणणारे बटण असे, त्याचाही हेतू हाच.

शिशाची गोष्ट

यंत्र असे सुधारत गेले तसे ज्या पेट्रोलवर ते चालते तेही बदलत गेले. इंजिनाची शक्ती वाढवायची तर मिश्रण जास्त दाबावे लागते. पण जास्त दाबले की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि ठकठक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. जनरल मोटर्स कंपनीत चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजलीने यावर उपाय शोधत असंख्य पदार्थ तपासले. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला टेट्राएथिल लेड सापडले. शिशाचे हे संयुग चिमूटभर घातले तरी नॉकिंग थांबत असे.

शिसे विषारी असते हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. दुसरा उपायही माहीत होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग थांबते हे केटरिंग व मिजली यांनी स्वतः पाहिले होते. पण त्याला दहा-वीस टक्के अल्कोहोल लागे आणि साध्या अल्कोहोलवर कोणाला एकस्व मिळणार नव्हते. १९२३ साली शिशाचे पेट्रोल बाजारात आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी आणि येल विद्यापीठाच्या यँडेल हेंडरसन यांनी उघड विरोध केला. १९२५ साली सरकारी परिषद भरली, काही काळ विक्री थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पुढे पृथ्वीचे वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना आपल्या नमुन्यांत सगळीकडून शिसे शिरताना दिसले. १९६५ साली त्यांनी दाखवून दिले की माणसांच्या शरीरात आणि वातावरणात नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त शिसे साचले आहे. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हेही नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले.

भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली थांबले. म्हणजे पाच कामगारांच्या मृत्यूनंतर हे विष जगभरातून जायला जवळजवळ ९७ वर्षे लागली.

जुन्या इंजिनांना हा बदल जाणवला. शिशाच्या क्षारांचा पातळ थर झडपांच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. तो थर गेल्यावर कठीण धातूची बैठक नसलेल्या काही इंजिनांत झडपा लवकर झिजू लागल्या, दाब धरेना आणि गाडी सुरू होणे अवघड झाले. मुलांच्या आरोग्यासाठी ही किंमत फारच थोडी होती. पण यंत्र आपल्या काळच्या इंधनाला किती बांधलेले असते हे त्यातून दिसले.

मिरज, मनमाड आणि इथेनॉल

बाजूला पडलेले अल्कोहोल पुढे परत आले. भारतात १९४८ साली पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले ते महाराष्ट्रात मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेली येथे. २००३ साली काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये सुमारे वीस टक्क्यांवर पोहोचले. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना याचे आर्थिक महत्त्व सांगायला नको. इथेनॉल शिशासारखे विष नाही, आणि ते नॉकिंगही रोखते. परंतु १९७४ सालच्या कार्बोरेटरला ते ओळखीचे नाही.

आकडेच पाहा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, एक ग्रॅम इथेनॉलला ९ ग्रॅम. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे, म्हणून हवा कमी पुरते. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ ग्रॅम हवा पुरते. जेटचे छिद्र मात्र जुन्या प्रमाणासाठी कोरलेले. परिणामी इंजिनाला मिळणारे मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते आणि थंड इंजिन पातळ मिश्रणावर कुरकुरते. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णताही पेट्रोलच्या दुपटीहून अधिक लागते, म्हणून थंडीतल्या सकाळी चोक जास्त वेळ धरावा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रोलमध्ये पाणी विरघळत नाही, इथेनॉलमध्ये विरघळते. पावसाळ्यात टाकीत शिरलेले थोडे पाणी इथेनॉल सामावून घेते. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कॉक पेट्रोल घेतो तो तळातूनच! शिवाय जुन्या नळ्यांचे व वॉशरचे काही प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते आणि त्याचे कण सुटून जेटमध्ये जातात.

माणूसच संवेदक

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नियमांमुळे नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता संवेदक धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त फवारले जाते. जुन्या गाडीत संवेदक नाही. ते काम माणसाला करावे लागते.

मिस्त्रींनी ते केले. आधी ठिणगी पाहिली. ती चांगली होती. नळीतून पेट्रोल येत होते, पण नळी फुगून मऊ झाली होती. फ्लोटचे भांडे उघडले तर तळाशी तपकिरी साका. एका वेळी एकच भाग तपासायचा, एकच बदल करायचा, मग किक मारून पाहायची, हा त्यांचा नेम. दोन बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही, असे ते म्हणाले. प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो आणि ते बहुधा ऐकत नाहीत.

मी पायलट जेट टोचायला तार उचलली तेव्हा त्यांनी हात धरला. “तारेने छिद्र मोठे होते, साहेब. मग हिशेबच चुकतो.” जेट द्रावणात बुडवून हवेने फुंकून साफ केले, नळी बदलली, टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल घातले. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. जाताना त्यांनी सांगितले, “पुन्हा ठेवून जाल तेव्हा कॉक बंद करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. भांड्यात पेट्रोल उरायला नको.”

म्हणजे पेट्रोल खराब असे म्हणणारे शेजारी अर्धे बरोबर होते. यंत्रही वाईट नव्हते आणि पेट्रोलही. दोघांचे काळ वेगळे होते. एखादे इंधन साऱ्या देशासाठी बदलते तेव्हा हवेचे, शेताचे, पाण्याचे हिशेब होतात, तसा आधीच रस्त्यावर असलेल्या यंत्रांचाही व्हायला हवा, आणि तो बदलाच्या आधी, उघडपणे व्हायला हवा. १९२५ साली ज्यांनी तो मागितला त्यांचे ऐकले गेले नाही. वर्गात कार्बोरेटरची आकृती काढाल तेव्हा एवढे विद्यार्थ्यांना जरूर सांगा, आणि प्लग ओला की कोरडा, हे विचारायलाही शिकवा.