लंडनचीं धर्मार्थ इस्पितळें आणि राजाश्रय

लंडन हें एके काळीं जगांतील अत्यंत धनाढ्य शहर गणलें जाई. परंतु तेथील नामांकित इस्पितळें लोकांपुढें झोळी पसरून चालत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. टॉमस गाय या पुस्तकविक्रेत्यानें १७२१ सालीं आपल्या पैशानें एक इस्पितळ स्थापिलें. १७४० सालीं लंडन हॉस्पिटल निघालें. अशा संस्थांचा योगक्षेम देणग्या, वर्गण्या व मृत्युपत्रांतील दानें यांवर चाले. मोठमोठे डॉक्टर तेथें बिनपगारी काम करीत.

या व्यवस्थेंत औदार्य होतें, तशी एक मोठी उणीवहि होती. पुष्कळ ठिकाणीं वर्गणीदाराची शिफारसचिठ्ठी आणल्यावांचून रोग्यास प्रवेश नसे. म्हणूनच विल्यम मार्सडेन या डॉक्टरनें १८२८ सालीं चिठ्ठी न मागतां उपचार करणारी संस्था काढली. तीच पुढें ‘रॉयल फ्री’ या नांवानें प्रसिद्धीस आली.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली आणि इस्पितळांचा खर्च उत्पन्नास झेपेनासा झाला. १९२१ सालीं लॉर्ड केव्ह यांच्या समितीनें सबंध देशांतील धर्मार्थ इस्पितळांस १० लक्ष पौंडांची एकवार मदत सुचविली. कायमचें अनुदान मात्र देऊं नये, त्यानें दात्यांचा हात आखडेल, असें तिचें मत पडलें. सरकारनें दिले ५ लक्ष. तेहि इस्पितळांनीं तितकीच नवी रक्कम लोकांकडून जमवावी या अटीवर! मग १९२२ सालीं हॉस्पिटल सेव्हिंग असोसिएशन निघाली व कामकरी लोक तिच्याकडे आठवड्यास ३ पेन्स भरूं लागले. श्रीमंतांच्या दानावर उभारलेल्या संस्थांस असा गरिबांच्या वर्गणीचा टेंकू मिळाला.

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध आलें. हवाई हल्ल्यांतील जखमींसाठीं सरकारनें खाटा राखून ठेवल्या व त्यांचे पैसेहि दिले. शांततेच्या काळीं जें अशक्य म्हणून सांगितलें जाई, तें संकटांत शक्य झालें. पुढें ५ जुलै १९४८ रोजीं आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या योजनेनुसार इंग्लंड व वेल्समधील ११०० हून अधिक धर्मार्थ आणि १५०० हून अधिक नगरसंस्थांचीं इस्पितळें सरकारच्या ताब्यांत आलीं.

त्यानें पैशाची चणचण संपली काय? नाहीं. १९५१ सालींच चष्मे व कृत्रिम दांत यांवर आकार बसविण्याचें ठरलें आणि त्याच्या निषेधार्थ बेव्हन यांनीं मंत्रिपद सोडलें. दानधर्महि आटला नाहीं. १८९७ सालीं इस्पितळांच्या साहाय्यार्थ निघालेला ‘किंग्ज फंड’ आजहि आरोग्यव्यवस्थेच्या अभ्यासाचें कार्य करीत आहे. बदललें तें एवढेंच कीं, इस्पितळाची तूट हा दात्याच्या मर्जीचा प्रश्न राहिला नाहीं. तिचा जाब पार्लमेंटांत विचारतां येऊं लागला. दारीं आलेल्या रोग्याच्या दृष्टीनें हा फरक लहान नव्हे.