उतारावरचं झाड कोणाचं?

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. भाताची खाचरं बांधांच्या आधाराने हे पाणी झेलतात. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीला तो आधार नसतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकच फेरा चालला. झुडपं तोडून जाळायची, कुदळीने माती मोकळी करायची, पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा तीळ घ्यायचे आणि जमीन थकली की ती काही वर्षं पड टाकायची. खाणारी तोंडं वाढली तशी पड ठेवायची वर्षं घटली, माती ओढ्याला गेली आणि खालचा जांभा उघडा पडला. आंबा, फणस, काजू अशी वर्षानुवर्षं उभी राहणारी झाडं माती धरून ठेवतात, हे कोकणातल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती; घराभोवतीच्या परसात आणि पाटाच्या पाण्यावरच्या आगरात तो ती लावतच होता. मग उतार एवढा काळ उघडा का राहिला? याचं उत्तर हक्कांच्या इतिहासात आहे. उतारावर झाड टिकायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: लावणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांचा भरवसा हवा, आणि झाड तोडण्यापेक्षा उभं ठेवण्यात त्याचा जास्त लाभ हवा.

पहिली गोष्ट मराठी राज्यकर्त्यांना नीट कळलेली दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार येतो. जहाजांना लाकूड लागणारच, हे तिथे मान्य आहे. तरी रयतेच्या आंबा-फणसांना हात लावायला मनाई आहे, आणि कारण दिलं आहे ते काळाचं: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते घ्यावं. एका झाडामागे किती वर्षांची मेहनत असते, याची जाण ठेवून केलेला हा नियम आहे. त्याचा अंमल प्रत्येक गावात झालाच असेल असं म्हणता येत नाही; पण झाडाची राखण आणि लावणाऱ्याचा हक्क या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, ही समज त्यात स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट राबाच्या पद्धतीत दिसते. भाताचं रोप टाकण्याआधी शेतकरी ऐनासारख्या झाडांचे टहाळे तोडतो, ते वाळवून शेण, गवत आणि पातेऱ्याबरोबर रोपाच्या जागेवर पसरतो, वर मातीचा थर देतो आणि भाजतो. त्यासाठी फांद्या छाटल्या जातात. खोड आणि शेंडा राखला जातो, कारण पुढच्या वर्षीही त्याच झाडाकडे यायचं असतं. राबात पालापाचोळा जळतो आणि दरसालच्या छाटणीने झाड खुरटतं, हा आक्षेप खरा आहे. तरी मुळं जमिनीत राहतात आणि बांध उभा राहतो. म्हणूनच ब्रिटिश वनखात्याने राबाच्या तोडीवर निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाब्यात असंतोष उसळला आणि १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला.

इथे एक मोठा आक्षेप घेता येतो. १८२० च्या दशकात रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी सागावरचा सरकारी हक्क सोडून तो जमीनधारकांना दिला. लोक आपापलं रान राखतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण भरमसाट तोड झाली. मग नुसत्या मालकीने झाड वाचतं, असं कसं म्हणायचं? तसं म्हणता येणारच नाही. सागाचं मोल तो आडवा झाल्यावरच हाती पडतं, आणि सरकार उद्या पुन्हा हक्क सांगेल अशी धास्ती असेल, तर कुऱ्हाड आजच चालते. आंबा-काजूचं मोल झाड उभं असेपर्यंत दरसाल मिळतं. डनलॉप यांच्या जाहीरनाम्याने माझ्या दोन अटींपैकी एकच, तीही अर्धीमुर्धी, पुरी झाली होती.

कुळांच्या बाबतीत तर पहिली अटही पुरी होत नव्हती. खोती गावांत, म्हणजे जिथे सारा गोळा करणारा खोत सरकार आणि कुळाच्या मध्ये असे, कुळाला बरेचदा भाताचा निम्मा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोताला द्यावा लागे. अशा जमिनीत पाच-सात वर्षांनी फळणारं कलम कूळ कशाला लावील? नाचणी चार महिन्यांत घरात येते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १९४९ मध्ये कायदा झाला, त्याच सुमारास कूळकायदा आला. हे सगळे जमीनसुधारणेचे टप्पे म्हणून शिकवले जातात. मृदसंधारणाच्या इतिहासातही त्यांना तेवढंच मानाचं स्थान द्यायला हवं. भरवसा आला तरी झाड फळेपर्यंत खायचं काय, हा प्रश्न उरतोच. १९९० पासून राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली, आणि स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणण्याची, कलमं जगवण्याची मजुरी छोट्या शेतकऱ्याला मिळू लागली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रुळवलेली कोयकलमं आणि वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती हाताशी होत्याच. पडीक वरकस झपाट्याने हिरवे झाले.

या यशावरच आज बोट ठेवलं जातं, आणि ते रास्त आहे. काजू-हापूससाठी कित्येक ठिकाणी जुनं मिश्र रान साफ झालं. एकाच जातीच्या बागेत तळ तासून उघडा ठेवला, तर झाडं उभी असूनही पावसाळ्यात माती वाहते. पण यावरचा दाखलाही शेजारीच आहे. गोव्याच्या कुळागरात माड, पोफळ, फणस, केळ, खोडावर चढलेली मिरी आणि जमिनीलगत अननस असे थरावर थर असतात. पावसाचा थेंब मातीला लागण्याआधीच त्याचा जोर मोडतो. कुळागर बारमाही पाण्याच्या खोऱ्यात असतं, ते जसंच्या तसं कोरड्या कातळावर चढणार नाही. चढू शकतो तो त्यातला विचार: झाडाखाली गवत आणि झुडूप राखायचं, उताराला आडवे चर घ्यायचे, बांधावरचा ऐन तोडायचा नाही. मात्र हेही जास्तीचं काम आहे आणि त्याची फळं उशिरा मिळतात. म्हणून कोणतीही नवी योजना आली की रोपांच्या आकड्याआधी सातबारा पाहावा: त्यावर नाव कोणाचं आहे, आणि झाड हाताला येईपर्यंत त्या नावाच्या घरात चूल कशावर पेटणार आहे.