शनिवार पेठ आणि दर्या

पुण्याच्या शनिवार पेठेतून समुद्र दिसत नाही. मधे सह्याद्री उभा आहे आणि पलीकडे घाट उतरून कोकण आहे. मुठेकाठची ही वस्ती एके काळी मूर्तझाबाद म्हणून ओळखली जाई. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी येथे वाड्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि पेठेचे नाव वाड्याला लागून शनिवारवाडा झाला. वाड्याला पाच दरवाजे आहेत. सर्वांत मोठा दिल्लीकडे तोंड करून उभा आहे, एक मस्तानीच्या नावाने ओळखला जातो. कोकणाच्या नावाचा दरवाजा मात्र एकही नाही. आणि तरीही अठराव्या शतकात कोकण किनाऱ्याचे बरेवाईट ज्या ठिकाणी ठरले, त्यांत या वाड्याचा क्रम फार वरचा आहे.

खरे म्हणजे वाड्यात राहणारे घराणे मूळचे दर्याकाठचेच. भट कुटुंब श्रीवर्धनचे देशमुख. श्रीवर्धन त्या काळी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली. बाळाजी विश्वनाथ घाटावर येण्यापूर्वी चिपळूणच्या मिठागरावर कारकुनी करत होते, असे सांगितले जाते. म्हणजे पेशवाईच्या मुळाशी मीठ आहे, खाडी आहे. पण दोन पिढ्यांत हे घराणे दिल्लीच्या दिशेने पाहू लागले आणि समुद्र ही पाठीमागची बाजू झाली. पाठीमागे काय चालले आहे याची खबर माणसाला उशिरा लागते. राज्यालाही तशीच उशिरा लागते.

आज ‘निळी अर्थव्यवस्था’ हा शब्द सरकारी कागदांत आणि परिषदांत ऐकू येतो. २०१२ च्या रिओ परिषदेनंतर तो जगभर पसरला. भारत सरकारनेही २०२१ मध्ये या विषयावरच्या धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की समुद्रातून पोट भरायचे, पण समुद्र शिल्लक ठेवून, आणि त्यावर जगणाऱ्या सर्व हिस्सेदारांनी मिळून. शब्द नवा असला तरी प्रश्न जुना आहे. या किनाऱ्याने तो अडीचशे वर्षांपूर्वी सोसला आहे. म्हणून आम्हांला तो अहवालांच्या आधी इतिहासात तपासावासा वाटतो.

हा समुद्र कधीच कोणा एकाचा नव्हता, हे आपली भाषाच सांगते. मराठी कोळी होडीच्या मालकाला नाखवा म्हणतो. हा फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. आपल्या कोकणी मुसलमानांत तेच आडनाव आहे. खलाशी अरबीतून आला, बंदर फारसीतून, आणि मोसम हा अरबी शब्द तर पावसाबरोबर जगभर गेला. आंग्र्यांचे गाजलेले लढाऊ जहाज गुराब. अरबीत गुराब म्हणजे डोमकावळा. आरमार हा शब्द पोर्तुगिजांनी दिला. डोल, वल्हे आणि होडी इथलीच. इतक्या लोकांनी मिळून ज्याची भाषा घडवली, त्या समुद्रावर एकट्याचा हक्क सांगणारा माणूस इतिहासाला नेहमीच परका वाटला आहे.

शिवाजी महाराजांनी आरमार उभारले तेव्हा त्यांना याची जाण होती. त्या आरमाराच्या प्रमुखांत दर्यासारंग होता, मायनाक भंडारी होता, दौलतखान होता. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर मराठ्यांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी असे दोघेही विरोधात उतरले. त्या प्रसंगी मराठी आरमार घेऊन समोर गेला तो दौलतखान. एका बाजूला मुसलमान सिद्दी, दुसऱ्या बाजूला मुसलमान दौलतखान, आणि दोन्हीकडच्या वल्ह्यांवर याच किनाऱ्याची माणसे. घाटावर बसून इतिहास लिहिणाऱ्यांनी या लढायांना धर्मयुद्धाचा रंग दिला. किनाऱ्यावर मात्र झगडा बंदराचा, जकातीचा आणि दस्तकाचा होता.

त्या राज्याची समुद्राविषयीची समज रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात उतरली आहे. १७१५-१६ च्या सुमाराचा हा मजकूर. त्यातल्या दोन गोष्टी आज मुद्दाम वाचाव्यात. पहिली अशी, की आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, लुटीच्या मिळकतीवर सोडू नये. तसे सोडले तर आरमारवाले सावकारांना उपद्रव देतात, व्यापार बुडतो आणि बंदरे ओस पडतात. दुसरी लाकडाविषयीची. जहाजांसाठी सागवानासारखे लाकूड तोडावे, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. लढाऊ जहाज बांधायचे आहे आणि तरीही झाडाच्या मालकाची मर्जी विचारायची आहे. ‘हिस्सेदारांशी विचारविनिमय’ म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

यानंतरचा काळ आंग्र्यांचा. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांशी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांच्या पक्षात आणले. समुद्र कान्होजींनी सांभाळावा आणि साताऱ्याचे छत्र मानावे, असा तो व्यवहार होता. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. पुढे त्यांच्या मुलांत भांडणे लागली. १७३५ मध्ये पेशव्यांनी दौलतीची वाटणी करून दिली. मानाजी कुलाब्यास, संभाजी दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गास. भांडण मिटले, पण एक आरमार होते त्याची दोन झाली.

सिद्दीशी मात्र या काळात वेगळेच घडले. १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या गादीचा तंटा सुरू झाला आणि बाजीराव मोहिमेवर गेले. किल्ला हाती आला नाही. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. त्यानंतर जो तह झाला, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. सिद्दीला समूळ उखडून टाकलेले नाही. अब्दुल रहमान सिद्दीला जंजिऱ्याचा प्रमुख मानले गेले आणि सिद्दीकडच्या अकरा महालांपैकी साडेपाच महाल मराठ्यांकडे आले. कोकणातल्या रयतेला दुअमल नवा नव्हता. एकाच गावाने दोन सरकारांना वसूल भरावा, यात रयतेची पिळवणूक होती, हे आम्ही नाकारत नाही. रक्त सांडल्यावर झालेली ही वाटणी होती, स्नेहातून झालेली नव्हती. पण तिच्यात एक शहाणपण होते. शेजारी नाहीसा होत नसेल तर त्याच्याबरोबर हिशोब मांडावा लागतो, हे दोघांनीही ओळखले. जंजिरा पुढे १९४८ पर्यंत टिकला.

वीस वर्षांनी हेच शहाणपण वाड्याला सोडून गेले. आता गादीवर नानासाहेब पेशवे होते आणि विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे. तुळाजी साधा माणूस नव्हता. त्याने पेशव्यांची सत्ता झुगारली, शेजारच्या मुलखाला उपद्रव दिला आणि त्याच्या दस्तकाशिवाय समुद्रावर कोणाला सुखाने फिरू दिले नाही. व्यापारी, नाखवे, सरदार सगळेच त्याच्यावर चिडले होते. त्याला आवर घालणे गरजेचे होते, यात शंका नाही. प्रश्न होता, तो कोणाच्या हाताने घालायचा?

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांच्या वतीने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. मोहिमेत समुद्रावरची सूत्रे इंग्रजांकडे राहावीत आणि बाणकोट त्यांना मिळावे, असे त्यात ठरले. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजी पेशव्यांच्या सरदारांशी बोलणी करत असतानाच किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. खाडीत एकमेकांना बांधून उभ्या असलेल्या गलबतांपैकी एकाने पेट घेतला आणि पाहता पाहता आंग्र्यांचे सगळे आरमार जळून गेले. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला सोडायलाही ते तयार नव्हते. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यात तह झाला, तेव्हा विजयदुर्ग पेशव्यांना परत मिळाला. मोबदल्यात बाणकोट आणि आसपासची गावे कंपनीला गेली. सावित्रीच्या मुखावरचा हिंमतगड ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

नानासाहेबांनी मराठ्यांचे आरमार बुडवले की नाही, यावर मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आम्ही त्या वादात कोणाचा वकील म्हणून उभे नाही. पेशव्यांचे स्वतःचे आरमार होते आणि विजयदुर्गावर पुढे आनंदराव धुळपांनी त्याचे नाव राखले. १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ पाडाव केले, ही गोष्ट खरी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की घरातला दांडगा हिस्सेदार काढण्यासाठी बाहेरचा त्याहून दांडगा आत घेतला, आणि हा सौदा ठरताना ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांना कोणी विचारले नाही. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी, नाखवा ही नावे तहाच्या कलमांत नसतात. आंग्र्यांचा दस्तक गेला आणि कंपनीचा आला. समुद्र मोकळा झालाच नाही. १८१७ मध्ये वाडाही गेला. मग आगबोटी आल्या आणि ज्यांचे वाडवडील स्वतःच्या गलबताचे नाखवे होते, त्या घरांतली माणसे परक्यांच्या जहाजांवर खलाशी म्हणून चढली. रत्नागिरीकडच्या कितीतरी कोकणी मुसलमान घरांचा इतिहास इथून पुढे मुंबईच्या गोदीत सुरू होतो.

आता वर्तमानाकडे येऊ. महाराष्ट्राचा किनारा पूर्वापार ७२० किलोमीटर मानला जातो. त्यावर १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पावसाळ्यातली बंदी आहे. तरीही मासळी घटते आहे. पर्ससीन जाळ्यांचा वाद पेटला, तेव्हा सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने निर्बंध आणले आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरवले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. बंदी कागदावर असते, दिवे समुद्रावर दिसतात, ही तक्रार छोटे मच्छीमार सतत करत आले आहेत. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. जो मासा जाळ्यात मिळेनासा होतो, त्याला मान देण्याची वेळ येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करत होते.

या वादांत आपण कुठे आहोत, हेही प्रामाणिकपणे पाहायला हवे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून खाली मालवणपर्यंत मोठ्या बोटींचे मालक आहेत आणि छोट्या होडीवर जगणारेही आहेत. आपल्या समाजातली माणसे दोन्हीकडे आहेत. अशा भांडणाला कोणीतरी धर्माचा रंग लावू पाहतो, तेव्हा दौलतखान आणि सिद्दी आठवावेत. जाळ्याच्या आसाला धर्म नसतो. बारीक आस सगळ्यांचीच उद्याची मासळी आज उपसतो.

सोबत बसून काम होते, याची उदाहरणेही याच किनाऱ्यावर आहेत. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पात ट्रॉलरवाल्यांना चौकोनी आसाची जाळी दिली गेली. त्यातून पिल्ले निसटतात आणि मोठी मासळी राहते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बाया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. ज्या खाडीकडे कोणी पाहत नव्हते, तिच्या जिवंत झाडांवर त्यांच्या चुली पेटतात. आणि ज्या बाणकोटाची किंमत देऊन पुण्याने विजयदुर्ग परत घेतला, त्याच्या शेजारी वेळास गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव. तिथे २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था, वनखाते आणि गावकरी मिळून समुद्री कासवांची अंडी राखतात. पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. आता कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, आणि गावाला चार पैसे मिळतात. हे उत्पन्न थोडे आहे, पण ते दरवर्षी परत येते. तुळाजीच्या खजिन्याची लूट एकदाच झाली.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला, शंभराहून अधिक किलोमीटर आत, पाण्याखाली प्रवाळांचे एक पठार आहे. नकाशांत त्याला आंग्रिया बँक म्हणतात. आंग्र्यांचे आरमार जळाले, नाव मात्र समुद्राने ठेवून घेतले. त्या प्रवाळांचे पुढे काय करायचे हे ठरवणाऱ्या बैठका पुण्यात, मुंबईत किंवा दिल्लीत होतील. त्या होऊ देत. पण १७५५ सारखी एखाद्या बोटीच्या धन्याला वगळून होऊ नयेत, आणि १७१५ च्या आज्ञापत्रासारखा आंबा-फणसाच्या धन्याला तिथे बोलावण्याचा शिरस्ता असावा.

त्यासाठी आपल्यालाही एक काम करता येईल. आपल्या घरांतल्या पेट्यांत जुने दस्तक, गलबतांचे हिशोब, मोडी आणि फारसी कागद पडून आहेत. वाळवी लागण्याआधी ते बाहेर काढावेत, वाचून घ्यावेत. समुद्रावरचा हक्क सांगताना कोणी आपल्याला कागद मागेल, आणि तेव्हा कागद आपल्या हाती असावा.